जर्नलवरची सही

बारामती
३ फेब्रुवारी २०२५

चि. करुणा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं जानेवारीचं पत्र मिळालं. पोस्टमनने ते दाराच्या फटीतून आत सरकवलं आणि वॉकर घेऊन तिथवर पोचायला मला चार मिनिटं लागली. गुडघा बरा आहे. त्याबद्दल नंतर.

हे पत्र तू लिहिलेलं नाहीस.

एकतीस वर्षं मी इंग्रजीच्या वह्या तपासल्या. गृहपाठ मुलाने केला की त्याच्या बहिणीने, हे मला पहिल्या ओळीत कळायचं. तुझं अक्षर मी तू तिसरीत असल्यापासून बघते आहे. ते उजवीकडे कलतं आणि घाईत असतं. या पत्रातलं अक्षर उभं, सुटं, बालवाडीतल्या पोराने बाई मारतील म्हणून जपून काढावं तसं गोल आहे. मी कागद उलटा करून पाठीवर बोट फिरवलं. पेनाचा एक वळ नाही. म्हणजे ते छापलेलंही आहे.

मोबाईलवर पुस्तकं वाचून तुझं डोकं दुखतं म्हणून जूनमध्ये मी तुला ती इलेक्ट्रॉनिक पाटी घेऊन दिली. दुकानदार म्हणाला होता की यावर पुस्तक कागदासारखं दिसतं, डोळ्यांना त्रास नाही, आणि सोबतच्या पेनाने वर लिहिताही येतं. माझी अट एकच होती. महिन्याला एक पत्र, तुझ्या स्वतःच्या हाताने.

परवा समाधानचा फोन आला. बोलता बोलता त्याच्या तोंडून निसटलं की कॉलेजच्या मॅडम तुझ्या जर्नलवर सही करत नाहीत, कारण प्रात्यक्षिकांची ती वही तू लिहिलेली नाहीस असं त्यांना वाटतं. सही नसेल तर एप्रिलच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बसू देणार नाहीत. मी खोदून विचारल्यावर तो म्हशीच्या दुधाबद्दल बोलायला लागला. तुझा बाप लहानपणापासून खोटं बोलताना जनावरांकडे वळतो.

झेरॉक्सच्या दुकानांत बसून दुसऱ्यांची जर्नलं लिहून देणारी माणसं असतात, हे मला ठाऊक आहे. तू तसं करत असशील, आणि पाटीवर सिनेमे बघत असशील, तर सरळ सांग. मी रागावेन आणि मग आपण काय करायचं ते ठरवू. पण उत्तर कागदावर दे, आणि खरं दे.

तुझी आत्या,
ज्योत्स्ना


वरकुटे
९ फेब्रुवारी २०२५

आदरणीय आत्या,
सविनय जय भीम.

पत्र मीच लिहिलं होतं. हेही मीच लिहिते आहे. डाव्या हाताने.

सोळा डिसेंबरला मी म्हशीसाठी कुट्टी करत होते. मशीनमध्ये ओलं गवत अडकलं. ते पुढे ढकलायला हात घातला आणि उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाचं वरचं पेर गेलं. मधल्या बोटाला सात टाके पडले, ते अजून वाकत नाही. तुम्ही हे वाचून घाबरू नका. जखम भरली आहे.

तुमचं ऑपरेशन अठराला होतं. पप्पा इंदापूरच्या दवाखान्यातच म्हणाले, "आक्काला आत्ता कळलं तर ती ऑपरेशन टाकून हितं येईल. तिला चालू दे, मग सांगू." नंतर तुम्ही चालायला लागलात, पण सांगायचं कुणी ते ठरेना. आई म्हणायची तुमी सांगा, पप्पा म्हणायचे तू सांग. असा दीड महिना गेला. त्यात माझीही चूक आहे.

आत्या, बोटापेक्षा मला जर्नलची भीती वाटत होती. या सत्राचे पहिले तीन प्रयोग मी डिसेंबरमध्ये उजव्या हाताने लिहिले होते. पुढचे डाव्या हाताने वहीत लिहायला घेतले. आपला हात लिहिलेल्यावरूनच पुढे जातो, त्यामुळे सगळी शाई फरफटते. खोडलं की कागद फाटतो. शेजारच्या बनाबाई बघायला आल्या होत्या. म्हणाल्या, "डाव्या हातानं लिवलेलं टिकत न्हाय बघ." त्या दिवशी मी चार पानं फाडली.

तोवर पाटीवर मी फक्त पुस्तकं वाचायची. दोन जानेवारीला पहिल्यांदा तिच्यावर लिहिलं. काचेवर हात टेकला तरी काही पुसत नाही. अक्षर चुकलं की दोन बोटांनी टिचकी मारायची, ते निघून जातं, कितीही वेळा. मी बाराखडीपासून सुरुवात केली. अर्ध्या पडद्यावर पुस्तक उघडते आणि अर्ध्यावर लिहिते. आकृती काढायची असली की पान मोठं करते, रेघ थरथरली तरी लहान केल्यावर दिसत नाही. वाईट एवढंच की तिला रंग नाहीत. वनस्पतीच्या खोडाचा छेद रंगवला की सूक्ष्मदर्शकाखाली त्यातल्या नळ्या लाल दिसतात, पुस्तकात त्या राखाडी असतात. मी शेजारी "लाल" असं लिहून ठेवते. सिनेमा तिच्यावर बघवत नाही, चित्र घुटमळतं.

ती पानं इंदापूरला छापून मी जर्नलमध्ये चिकटवली. राजनंदिनी मॅडम आमच्या वनस्पतिशास्त्राच्या. त्या म्हणाल्या, पहिले तीन एका हातचे, बाकीचे दुसऱ्याच हातचे, कोण लिहून देतं? मी वही उचलून जागेवर गेले. वर्गात मी हात ओढणीत ठेवते. माझे छेद छकुली घेते, ती माझ्या टेबलावर असते. पातळ छेद ब्लेडने घ्यावा लागतो. मॅडमना हात दाखवला तर त्या म्हणतील, तू प्रयोगच करू शकत नाहीस, आर्ट्सला जा. मला प्रयोगशाळेतच काम करायचं आहे.

तुमच्यापासून लपवलं, त्याची माफी मागते. पण पत्र खोटं नव्हतं.

तुमची,
करुणा


बारामती
१४ फेब्रुवारी २०२५

चि. करुणा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं.

खरं सांगायचं ठरलं आहे, तर मीही सांगते. पत्र वाचून मला आधी हायसं वाटलं, की तू कुणाला फसवत नव्हतीस. बोटासाठी रडू नंतर आलं. हा क्रम उलटा हवा होता. तो तसा झाला, याची मला लाज वाटते. तुझ्यावर घेतलेला आळ मी मागे घेते. नुसता मागे घेऊन भागत नाही, हेही मला कळतं.

समाधानला मी फोन केला. मी काय बोलले ते तो तुम्हाला सांगणार नाही, म्हणून मीही सांगत नाही. या खेपेला त्याने म्हशीचं नाव काढलं नाही.

तुला एक गोष्ट सांगायची आहे, जी मी कुणाला सांगितलेली नाही. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये डावखुऱ्या मुलीला सिस्टर डाव्या हातावर बसवून ठेवत. अक्षरशः. तळहात बुडाखाली, आणि उजव्याने लिही. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि शिक्षिका झाल्यावर मीही तेच केलं. सोनबा नावाचा एक मुलगा होता, सुप्याकडचा, सहावीत. वर्षभर मी त्याला हातावर बसवलं. जूनमध्ये तो बोलका होता. मार्चमध्ये उजव्या हाताने लिहीत होता आणि तोंड उघडत नव्हता. मी त्याच्या प्रगतिपुस्तकात "हस्ताक्षरात समाधानकारक सुधारणा" असा शेरा मारला. तेव्हा माझ्याकडे पाटी नव्हती, पण अक्कल असायला हवी होती. तुझ्या डाव्या हाताच्या अक्षराला मी बालवाडीतलं म्हटलं, ते लिहिणारी बाई तीच होती.

आता ऐक. मॅडमना सांग. छकुली किती दिवस छेद घेणार? परीक्षेत ती तुझ्या शेजारी नसेल. दडवलेला हात बघून माणसं जे मनात आणतात ते खऱ्याहून वाईट असतं. मी स्वतः काय मनात आणलं ते तू वाचलंच आहेस.

तुझी,
आत्या


वरकुटे
२६ फेब्रुवारी २०२५

आदरणीय आत्या,
सविनय जय भीम.

मी मॅडमना सांगणार होते. शब्द जुळवून ठेवले होते. सोमवारी त्यांच्या टेबलापाशी गेले तर त्या म्हणाल्या, "माहिती आहे. तुझ्या आत्यांनी कळवलंय."

तुम्ही प्राचार्यांना पत्र लिहिल्याचं मला कळवलं नाहीत. ते इंग्रजीत होतं, तीन पानी, आणि सरांनी ते स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचलं. दोन शब्द कुणालाच आले नाहीत, म्हणून शब्दकोश काढला. आमच्या शिपायांनी मला हे सांगितलं, तेव्हा ते हसत होते, पण मॅडम हसल्या नव्हत्या. मुलीचा हात समोर असताना जिला दिसत नाही ती सूक्ष्मदर्शकात काय बघणार, असं तुम्ही लिहिलं आहे म्हणे. आत्या, हात मी लपवला होता. त्यांना दिसणार कसा?

आता सगळ्या विभागाला माहीत झालं आहे. मुली माझी बॅग उचलायला धावतात. छकुलीला मॅडमनी झापलं. विभागप्रमुख सर म्हणाले, एक तर छापलेली पानं जर्नल म्हणून चालतात का ते बघावं लागेल, आणि दुसरं, हिला छेद घेता येत नसेल तर प्रात्यक्षिकाला बसवून उपयोग काय. दहा मार्चला मला पाटी घेऊन बोलावलं आहे. त्या दिवशी ते ठरवतील.

तुम्ही माझ्यासाठी केलंत हे मला कळतं. पण ते माझं सांगायचं होतं. कृपा करून आता कुणाला काही लिहू नका.

करुणा


बारामती
३ मार्च २०२५

चि. करुणा,

तुझं बरोबर आहे. मी चुकले. तुझ्यावर आळ घेतला होता, त्याची भरपाई करायची घाई झाली, आणि ती दुसऱ्याच बाईला शिव्या घालून केली. कुणालाही लिहिणार नाही.

तुला छेद जमतो का, हा प्रश्न सरांनी विचारला तो योग्यच आहे. मी त्यांच्या जागी असते तर हाच विचारला असता, अधिक वाईट शब्दांत. तेव्हा दहा तारखेपर्यंत ब्लेड डाव्या हातात धरून बघ. घरात गाजर, काकडी, भेंडी काही ना काही असतंच. आईला भाजी चिरायला बसव आणि तू शेजारी बस.

काल मी स्वतः डाव्या हाताने तुझं नाव लिहून पाहिलं. पाठवण्यासारखं नव्हतं. फाडलं.

दहा तारखेनंतर एक ओळ टाक. जे होईल ते.

आत्या


वरकुटे
१२ मार्च २०२५

आदरणीय आत्या,
सविनय जय भीम.

सही झाली.

आता सविस्तर लिहिते. तुमचं पत्र आलं त्या दिवसापासून घरात सगळ्या भाज्या चकत्या करूनच शिजत होत्या. पप्पा म्हणाले, "आमी काय लग्नाच्या पंगतीला बसलोय का, रोज कोशिंबीर?" पण स्वतः मळ्यातून एरंडाची कोवळी खोडं कापून आणून द्यायचे.

सोमवारी सरांच्या केबिनमध्ये सर, मॅडम आणि मी. सरांनी आधी पाटीवर लिहून दाखवायला सांगितलं. मी त्यांच्या तोंडून येईल ते लिहिलं. त्यांनी जर्नलमधली पानं शेजारी धरून बघितली. मग म्हणाले, अक्षर जुळतं आहे, पण ही पानं आधीच कुणी लिहिली असतील आणि ते अक्षर तू गिरवलं असशील तर?

मग मी त्यांना पाटीतलीच सरावाची वही उघडून दिली. पाटीवर प्रत्येक पानाला तारीख पडते. दोन जानेवारीपासून रोज वीस पानं, कधी तीस. मॅडमनी पाटी स्वतःकडे ओढली आणि एकेक पान बघायला लागल्या. पहिल्या पानावर सहा क होते आणि सहाही पडलेले. पाच जानेवारीला एक उभा राहिला होता. पान बदलताना पडदा जरा काळा होतो, प्रत्येक वेळी त्या थांबायच्या. मग त्यांनी मला विचारलं, "मी लिहून बघू?" पेन डाव्या हातात घेतलं आणि स्वतःचं नाव लिहिलं. रा कसाबसा झाला, पुढचा ज कोलमडला. त्यांनी तो पुसला नाही. सरांना म्हणाल्या, "सर, ही सुरुवातीची पानं हिचीच. पैसे घेऊन इतकं वाईट कोण लिहून देईल?"

सर हसले. मग मीही हसले, आणि तेव्हा मला कळलं की केबिनमध्ये आल्यापासून माझा उजवा हात टेबलावरच होता.

नंतर प्रयोगशाळेत नेलं. सूर्यफुलाचं खोड आणि ब्लेड दिलं. खोड मी उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि शेवटच्या दोन बोटांत धरते, ते घट्ट बसतं. पहिला छेद भेंडीच्या चकतीएवढा जाड आला. दुसरा तिरका गेला. सातवा पातळ आला, पाण्यात तरंगला. मी तो रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. आत्या, दोन महिने मी तो राखाडीच बघत होते. छकुली घ्यायची ते मी नीट बघितलेही नव्हते, लाज वाटायची म्हणून. नळ्यांचं पूर्ण कडं लाल होतं. मी बाजूला झाले आणि सरांना म्हटलं, बघा.

सरांनी बघितलं आणि विचारलं, यातलं अन्न वाहून नेणारं काय नि पाणी वाहून नेणारं काय? मी सांगितलं. ते म्हणाले, मग बसू दे परीक्षेला.

छापलेली पानं चालतील, पण प्रत्येकावर मॅडमची सही आणि तारीख हवी असं ठरलं. मॅडमनी तिथेच लाल पेन काढलं. एकोणीस प्रयोग. शेवटी प्रमाणपत्राच्या पानावर, हे काम विद्यार्थिनीने स्वतः केले आहे, याच्या खाली त्यांनी पूर्ण नाव लिहून सही केली. उजव्या हाताने. मग मला म्हणाल्या, "आत्यांना सांग, मला दिसतं. चष्मा आहे."

घरी आले तर पप्पा गोठ्यात होते. सही झाली म्हटल्यावर ते म्हशीकडेच बघत राहिले. डोळे पुसत होते.

तुमची,
करुणा


बारामती
१६ मार्च २०२५

चि. करुणा,
अनेक आशीर्वाद.

"सही झाली" एवढं वाचून मी पत्र बाजूला ठेवलं आणि चहा केला. बाकीचं चहाबरोबर सावकाश वाचलं. बऱ्याच दिवसांनी दुपारी झोप लागली, ती कामवाली राजाबाई बेल वाजवून वाजवून दमली तेव्हा उघडली. तिला वाटलं मी गेले. मी म्हटलं, अजून नाही, भाचीची परीक्षा आहे.

तुझ्या राजनंदिनी मॅडमना मी माफीचं पत्र लिहिलं आहे. मराठीत, सहा ओळींचं. तुला न विचारता पाठवणार नाही, म्हणून सोबत जोडलं आहे. योग्य वाटलं तर त्यांना दे. एखादा शब्द खटकला तर खोड.

मधलं बोट वाकवण्याचा व्यायाम सोडू नकोस. मला गुडघ्यासाठी जी मुलगी येते ती म्हणते, दुखलं तरी करायचं, फार दुखलं तर थांबायचं. हे मला साठाव्या वर्षानंतर शिकावं लागतं आहे, तू लवकर शीक.

तुझी,
आत्या


वरकुटे
११ एप्रिल २०२५

आदरणीय आत्या,
सविनय जय भीम.

परवा प्रात्यक्षिक झालं. चौथ्या छेदातच जमलं. तोंडी प्रश्न तीन होते, दोन आले. मधलं बोट आता अर्धं वाकतं. पाण्याचा ग्लास उजव्या हाताने उचलते.

तुमचं पत्र मॅडमना दिलं होतं. एकही शब्द खोडला नाही. त्यांनी ते घडी करून पर्समध्ये ठेवलं, टेबलाच्या खणात नाही.

एक गंमत सांगते. परीक्षेला बाहेरून आलेले सर होते. मी जर्नल पुढे ठेवलं. छापलेल्या पानांवरून काय विचारतील, काय सांगायचं, सगळं पाठ केलं होतं. मॅडमही माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या होत्या, लागलंच तर बोलायला. सरांनी जर्नल उचललं, हातात तोललं, शेवटचं प्रमाणपत्राचं पान उघडून सही बघितली, आणि गठ्ठ्यावर टाकलं. एकही पान उघडलं नाही. छकुली म्हणते, सगळ्यांचंच तसं करतात. आम्ही दोघी बाहेर येऊन इतक्या हसलो की वॉचमननी हटकलं.

चौदा तारखेला जयंतीची मिरवणूक झाली की आम्ही सगळे बारामतीला तुमच्याकडे येतो. आई पुरणपोळ्या आणणार आहे. जर्नल परत मिळालं आहे, ते घेऊन येते.

तुमची,
करुणा


बारामती
१९ एप्रिल २०२५

चि. करुणा,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही येऊन गेलात आणि घर पुन्हा मोठं झालं. पोळ्या संपल्या. तुझा हात मी नीट बघितला, तू बघू दिलास. एवढं पुरे, त्यावर जास्त लिहीत नाही.

त्या परीक्षकाचं नाव तू मुद्दाम सांगितलं नाहीस, हे माझ्या लक्षात आलं. शहाणी आहेस. पण त्याने वही उघडली नाही, यात मला गंमत वाटली नाही. मी ते सोडून द्यायचा प्रयत्न केला आणि जमला नाही. तेव्हा जर्नल ठेवून जा असं तुला म्हटलं, ते यासाठीच.

मी उघडली. दोन दिवस लागले. मला वनस्पतिशास्त्र येत नाही, म्हणून शब्दकोश घेऊन बसले. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, सगळं. चौथ्या प्रयोगात तू एका ओळीत तीनच शब्द बसवले आहेस. नवव्यात सहा बसतात. जिथे जिथे तू "लाल" लिहिलं आहेस तिथे मी थांबले. माझ्या मते काम चोख आहे, आणि माझं मत एकतीस वर्षांत कुणाला स्वस्तात मिळालेलं नाही.

फक्त सोळाव्या प्रयोगातल्या आकृतीला भागांची नावं द्यायची राहिली आहेत. मॅडमच्या नजरेतून सुटलं, परीक्षकाने तर बघितलंच नाही. मी समासात पेन्सिलीने बारीक खूण केली आहे. वही न्यायला येशील तेव्हा इथेच टेबलाशी बसून पूर्ण कर. घाई नाही.

तुझी आत्या,
ज्योत्स्ना